वनस्पती तुपाचा वाकडा-सरळ इतिहास

डिसेंबर 1936 मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची, आणि जोडीला खादी-ग्रामोद्योगांचे प्रदर्शन. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. हातसडीचा तांदूळ, गूळ, हातकागद यांच्या बरोबरीने बैलघाणीचे तेल हा संघाचा जिव्हाळ्याचा विषय होता. वर्ध्याच्या मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी सुधारलेली घाणी बसवली ती याच कामातून.

बरोबर नऊ वर्षांनी, 29 डिसेंबर 1945 रोजी, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड ही कंपनी नोंदली गेली. संस्थापक मुंबईचे व्यापारी महंमद हाशम प्रेमजी. कारखान्याची जागा अमळनेर. तापीपलीकडचे फैजपूर आणि अलीकडचे अमळनेर, दोन्ही गावे तेव्हाच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातली. कारखान्यात शेंगदाण्याच्या तेलाचे वनस्पती तूप व्हायचे होते. घाणीवाल्यांच्या लेखी याहून मोठा अधर्म नव्हता.

पुढची काही वर्षे या तुपावरून देशभर रान उठले. पत्रे गेली, विधेयके आली, समित्या बसल्या. सगळ्या वादाचा गाभा एकच होता: हे शुद्ध की नकली? पण त्या डब्यातला खरा प्रश्न रेणूच्या घडणीचा होता. तेच अणू, तितकेच अणू, फक्त जोडणीची दिशा वेगळी. रसायनशास्त्र याला समघटकता म्हणते. भांडणाऱ्या दोन्ही पक्षांनी तिच्याकडे पाहिले नाही आणि त्याची किंमत पुढे सगळ्यांनी मोजली.

शेंगदाणा, रेल्वे आणि डबा

1906 मध्ये जुन्या खानदेशाचे दोन जिल्हे झाले. धुळ्याकडचा पश्चिम खानदेश, जळगावकडचा पूर्व. दोन्हीकडची काळी जमीन कापसाची आणि भुईमुगाची. सुरत-भुसावळ लोहमार्गावर अमळनेर आल्यावर माल दोन्ही दिशांना जाऊ लागला. गाव लहान, पण पैसा आणि हौस दोन्ही असलेले. प्रताप शेठांची कापडगिरणी होती आणि त्याच शेठजींच्या आश्रयाने 1916 पासून तत्त्वज्ञान मंदिरही उभे होते. तेलबिया दाराशी आणि रेल्वे उशाशी असताना इथे तेलाचा कारखाना काढणे हा सरळ व्यापारी हिशेब होता.

गिऱ्हाईकही तयार होते. साजूक तूप रोजच्या जेवणात परवडणारी घरे मोजकीच. लग्नाकार्यात वरण-बट्टीची पंगत उठवायची, शेकड्याने माणसे जेवायला घालायची, तर तुपाचा खर्च यजमानाला पुरे करून सोडी. हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने 1932 मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना सुरू केला आणि 1937 पासून डालडा बाजारात आणला. पिवळ्या डब्यावरचे ते माडाचे झाड लवकरच घरोघर पोचले. तुपासारखे रवाळ दिसणारे, महिनोन्महिने खवट न होणारे आणि किमतीला स्वस्त असे काही पहिल्यांदाच मिळत होते. अमळनेरच्या कारखान्याचा छाप सनफ्लॉवर. पुढे तिथेच 787 नावाचा कपडे धुण्याचा साबणही निघू लागला.

निकेलच्या पाठीवर

पातळ तेलाचे घट्ट तूप करण्याची विद्या फ्रान्स-जर्मनीतून आली. पॉल साबातिए यांनी झाँ-बाप्तिस्त सांदरां यांच्यासह 1897 पासून तुलूझमध्ये दाखवले, की बारीक निकेलच्या सान्निध्यात वायुरूप संयुगे हायड्रोजन घेतात. त्यासाठी त्यांना 1912 चे नोबेल मिळाले. जर्मन रसायनज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी तीच युक्ती पातळ तेलावर चालवली आणि 1902 मध्ये पेटंट घेतले. 1911 मध्ये अमेरिकेत सरकीच्या तेलापासून केलेले क्रिस्को विक्रीला आले. शिवडी आणि अमळनेर ही याच वाटेवरची पुढची ठाणी.

अशा कारखान्यातले काम जवळून पाहिले तर ते असे चाले. शेंगदाण्याचे तेल आधी अल्कलीने धुऊन त्यातली मोकळी आम्ले काढायची, मग विरंजक मातीतून गाळून रंग उतरवायचा. हे स्वच्छ तेल बंद, जाड भिंतीच्या लोखंडी पात्रात घ्यायचे. त्यात निकेलची बारीक पूड अगदी थोडी, हजारी एक-दोन भाग. पात्र दीड-पावणेदोनशे अंशांपर्यंत तापवायचे, खालून दाबाखाली हायड्रोजन सोडायचा आणि ढवळत राहायचे. मधूनमधून नमुना काढून तो किती अंशाला वितळतो ते पाहायचे. हवे तिथे पोचले की हायड्रोजन बंद. मग निकेल गाळून काढायचे आणि निर्वात पात्रात वाफ सोडून वास उडवायचा. शेवटी डबे भरून सावकाश निववायचे, कारण घाईने निवले तर रवा धरत नाही, आणि रवा नसलेल्या डब्याला गिऱ्हाईक तूप मानत नाही.

निकेलच्या पृष्ठभागावर याच वेळी दुसरे एक काम चालू असते आणि ते कोणी सांगितलेले नसते. तेलातल्या आम्लांच्या लांब साखळीत कुठे कुठे कार्बन-कार्बनचा दुहेरी बंध असतो. ती साखळी त्या बंधापाशी धातूला चिकटते. एक हायड्रोजन अणू जोडला जातो आणि दुहेरी बंध सुटतो. बंध एकेरी झाल्याने साखळी आता त्या जागी फिरू शकते. दुसरा हायड्रोजन वेळेवर मिळाला तर बंध कायमचा भरतो. नाही मिळाला तर पहिलाही निघून जातो, दुहेरी बंध पुन्हा जुळतो, पण तेवढ्यात साखळी फिरलेली असू शकते. ही अर्ध्यावरची पायरी होरिउती आणि पोलान्यी यांनी 1934 मध्ये, म्हणजे अमळनेरचा कारखाना निघण्याआधीच, मांडली होती.

दोन रूपे, एक सूत्र

निसर्गातल्या वनस्पती तेलांत दुहेरी बंधाच्या दोन्ही बाजूंचे साखळीचे भाग एकाच अंगाला असतात. ही सिस रचना. साखळी तिथे कोपरासारखी वाकते. बंध फिरून जुळला की ते भाग विरुद्ध अंगांना जातात. ही ट्रान्स रचना, आणि साखळी जवळजवळ सरळ होते. वाकड्यातिकड्या काटक्यांची मोळी सैल राहते, सरळ तुराट्यांची घट्ट बसते, तसेच इथे होते. ऑलिक आम्ल सुमारे 13 अंशांना वितळते. त्याचेच ट्रान्स रूप, इलायडिक आम्ल, 44 अंशांच्या आसपास. दोघांत कार्बन 18, हायड्रोजन 34, ऑक्सिजन 2. एक अणू कमी नाही, जास्त नाही. हायड्रोजन पूर्ण भरून केलेले स्टिअरिक आम्ल मात्र थेट 69 अंशांवर जाते.

हे रूप वनस्पती तुपाच्या खूप आधी माहीत होते. 1819 मध्ये मार्सेयच्या पुते नावाच्या औषधविक्रेत्याने ऑलिव्ह तेलातली भेसळ ओळखण्याची एक कसोटी प्रसिद्ध केली. पारा नायट्रिक आम्लात विरघळवून तेलात घातला की अस्सल ऑलिव्ह तेल घट्ट होते, स्वस्त तेले तशी होत नाहीत. 1832 मध्ये फेलिक्स बुदे यांनी त्या घट्ट पदार्थातले आम्ल वेगळे करून त्याला इलायडिक नाव दिले. शुद्धता तपासायला निघालेल्या माणसाच्या हाती समघटक लागला. तो कसा घडतो हे समजायला मात्र व्हांट हॉफ यांची 1874 ची त्रिमितीय कल्पना आणि व्हिस्लिसेनुस यांचे 1880 च्या दशकातले काम यावे लागले.

ही त्रिमितीय दृष्टी धातूंच्या संयुगांपर्यंत नेली आल्फ्रेड व्हेर्नर यांनी. 1890 मध्ये हान्च यांच्या हाताखाली त्यांनी ऑक्झाइम या नायट्रोजनयुक्त संयुगांच्या सिस-ट्रान्स जोड्यांवर काम केले. तीनच वर्षांनी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी कोबाल्टच्या अमोनिया-संयुगांचे कोडे सोडवणारा निबंध लिहिला. आज आपल्याकडे बारावीला कोऑर्डिनेशन कंपाउंड म्हणून जे शिकवतात, त्याचा पाया हा. व्हेर्नर म्हणाले, धातूभोवती सहा जागा अष्टफलकाच्या सहा टोकांवर असतात. चार जागी अमोनिया आणि दोन जागी क्लोरीन ठेवले तर क्लोरीन शेजारी किंवा समोरासमोर, अशी दोनच रूपे निघतील. षट्कोन किंवा लोलक मानला तर तीन निघायला हवीत.

कोपनहेगनचे योर्गेन्सन हे या संयुगांचे सर्वांत कसबी जाणकार. त्यांनी हरकत घेतली: तुमचे दुसरे रूप दाखवा. चार अमोनियांच्या कोबाल्टचे हिरवे, समोरासमोरचे रूप हाती होते, पण शेजारच्या क्लोरीनचे जांभळे रूप कोणी पाहिले नव्हते. व्हेर्नर यांना ते मिळवायला चौदा वर्षे लागली. 1907 मध्ये जांभळे स्फटिक तयार झाले आणि योर्गेन्सन यांनी मोकळ्या मनाने हार मानली. 1913 चे नोबेल व्हेर्नर यांना मिळाले. घटक तेच असताना केवळ जागा बदलल्याने पदार्थ बदलतो, ही गोष्ट त्यानंतर शंका घेण्याजोगी उरली नव्हती.

योर्गेन्सन यांनी जो प्रश्न कोबाल्टला विचारला, तो वनस्पती तुपाला भारतात कोणी लवकर विचारला नाही.

भांडण शुद्धतेचे

1946 मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मधून वनस्पतीविरुद्ध लिहिले. त्यांचा रोख दुहेरी होता. घाणी आणि गाय दोन्ही बुडतात, आणि तुपात भेसळ करून लोकांची फसवणूक होते. स्वातंत्र्यानंतर पंडित ठाकूरदास भार्गव यांनी वनस्पतीच्या निर्मितीवर आणि विक्रीवर बंदी घालणारे विधेयक 1950 च्या सुमारास संसदेत आणले. लोकमत मागवले गेले आणि भावना किती पेटल्या आहेत ते दिसले. बंदी काही आली नाही.

सरकारने मधला मार्ग काढला. 1947 च्या नियंत्रण आदेशाने वनस्पतीचा वितळणबिंदू 31 ते 37 अंशांत राखण्याची अट आली. शरीराच्या उष्णतेवर जे वितळते ते पचते, हा त्यामागचा विचार. एका संशोधन समितीच्या देखरेखीखाली आहाराचे प्रयोग झाले आणि 37 अंशांच्या आत वितळणारी वनस्पती कच्च्या शेंगदाणा तेलापेक्षा अपायकारक नाही, असा निर्वाळा मिळाला. जीवनसत्त्व अ घालणे सक्तीचे झाले. भेसळ उघडी पडावी म्हणून रंग घालायची सूचना वारंवार झाली. रतनजोतीचेही नाव पुढे आले, पण सहज काढून टाकता येणार नाही असा रंग काही सापडला नाही.

रंगाऐवजी तीळ कामाला आले. प्रत्येक वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचे तेल मिसळायचे, असा नियम झाला. तुपात वनस्पती मिसळली की तीळही येणार आणि तो बोदुआँ कसोटीत पकडला जाणार. कसोटी आजही महाविद्यालयांत करतात. वितळलेले तूप 5 मिलिलीटर, तितकेच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, वरून फरफ्युरालचे काही थेंब. परीक्षानळी दोन मिनिटे जोराने हलवायची आणि ठेवायची. खालच्या आम्लाच्या थराला गुलाबी-लाल छटा आली की तूप फसले. फरफ्युराल नसेल तर साखरेचे चार दाणे टाकूनही चालते, आम्लात त्यातूनच तसे संयुग तयार होते. तिळातल्या सेसामोल या घटकाची ही किमया.

गाळूनही मागे राहणाऱ्या निकेलवरही नजर ठेवली गेली. भेसळ प्रतिबंधक कायदा 1954 चा. त्याच्या नियमांत हायड्रोजनयुक्त तेलातल्या निकेलची मर्यादा दहा लाखांत दीड भाग अशी पुढे ठरली. निकेल ओळखायची जुनी कसोटी रशियन रसायनज्ञ चुगायेव यांची, 1905 ची. डायमिथाइलग्लायॉक्झाइमचे द्रावण घातले की निकेलचा गुलाबी-तांबडा साका बसतो. ते एक कोऑर्डिनेशन संयुग आहे. मधे निकेल आणि भोवती एका सपाट चौकोनात दोन ऑक्झाइम. ज्या ऑक्झाइमांवर तरुण व्हेर्नर यांनी सिस-ट्रान्सचा पहिला अभ्यास केला त्याच कुळातले हे. 1932 मध्ये सॅम्युअल सग्डेन यांनी अशाच एका असममित ऑक्झाइमचे निकेल-संयुग दोन रूपांत वेगळे केले आणि निकेलभोवतीची रचना सपाट असल्याचा पुरावा दिला.

म्हणजे तपासनिसाच्या टेबलावर समघटकतेचे सगळे शास्त्र हजर होते. फक्त ते निकेल शोधण्यात आणि तीळ शोधण्यात खर्च होत होते. तेलाची साखळी वाकडी आहे की सरळ, हा रकाना नमुन्याच्या अहवालात नव्हताच.

यातला खरा पेच 37 अंशांच्या अटीत होता. गिऱ्हाइकाला खोलीत घट्ट आणि रवाळ माल हवा. कायद्याला तोंडात वितळणारा हवा. स्टिअरिक वाढवून घट्टपणा आणला तर वितळणबिंदू हाताबाहेर जातो. हायड्रोजन बेताने सोडून, तापमान चढे ठेवून ट्रान्स रूप वाढवले तर डबा घट्टही राहतो आणि 37 च्या आत झटकन वितळतोही. नियमाने ट्रान्स मागितले नव्हते, पण नियमात बसण्याची सर्वांत सोपी वाट तीच होती. कारखानदाराने फसवणूक केली असे म्हणता येणार नाही. त्याने कायदा आणि गिऱ्हाईक दोघांनाही राखले.

अमळनेरचे शेअर

वाद थंडावला आणि डबा स्वयंपाकघरात मुरला. 1966 मध्ये महंमद हाशम प्रेमजी वारले. एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतले स्टॅनफर्डचे शिक्षण सोडून आले आणि तेल-साबणाची ही कंपनी हाती घेतली. 1977 मध्ये नाव विप्रो प्रॉडक्ट्स झाले, 1982 मध्ये नुसते विप्रो. संगणकाचा धंदाही याच सुमाराचा. शेंगदाणे पुरवणाऱ्या, कारखान्याशी संबंध आलेल्या अनेक अमळनेरकर घरांनी कंपनीचे शेअर घेऊन ट्रंकेत ठेवले होते. पुढे त्यांचे मोल इतके झाले की गावाचे नाव देशभर शेअरवाल्यांचे गाव म्हणून छापून येऊ लागले.

शिक्षणही याच काळात विस्तारले. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय 1945 चे, कंपनीच्याच वर्षाचे. जळगाव-धुळ्यासाठी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 1990 मध्ये झाले, आता ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी कोबाल्टची हिरवी-जांभळी जोडी पाठ करत आले, सिस-ट्रान्सच्या आकृत्या काढत आले.

मोजमाप बदलते

1957 मध्ये अमेरिकेत फ्रेड कुमेरो आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या शरीरातल्या ऊतींत ट्रान्स आम्ले सापडल्याचे ‘सायन्स’ नियतकालिकात छापले. फारसे कोणी मनावर घेतले नाही. 1990 मध्ये नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटान यांनी 59 निरोगी माणसांना आलटून पालटून तीन प्रकारचे आहार दिले. ट्रान्सच्या आहाराने वाईट कोलेस्टेरॉल वाढले आणि चांगले घटले. संपृक्त चरबी पहिले करते, दुसरे करत नाही. ट्रान्सने दोन्ही केले. पुढे मोठ्या पाहण्यांनी हृदयविकाराशी त्याचा संबंध पक्का केला.

2003 मध्ये डेन्मार्कने खाद्यपदार्थांतल्या तेल-चरबीत कारखानी ट्रान्सची मर्यादा 2 टक्के केली. भारतात सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने 2009 मध्ये बाजारातली वनस्पती तपासली तेव्हा ती या मापाच्या कित्येक पट निघाली. मग आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पायऱ्या पायऱ्यांनी मर्यादा उतरवली. आधी 10 टक्के, नंतर 5, जानेवारी 2021 पासून 3 आणि जानेवारी 2022 पासून 2. यंत्रे नवी नव्हती. अवरक्त किरणांच्या वर्णपटात ट्रान्स बंध 966 प्रति सेंटिमीटरच्या आसपासच्या एका ठरलेल्या जागी खूण उमटवतो, हे विसाव्या शतकाच्या मध्यापासून माहीत होते. वायुवर्णलेखाने सिस आणि ट्रान्स वेगवेगळे मोजता येतात. प्रश्न विचारला गेला आणि मोजमाप सुरू झाले.

साजूक तुपातही थोडे ट्रान्स असते. गायी-म्हशींच्या पोटातले जिवाणू ते तयार करतात आणि दुधातल्या चरबीत त्याचे प्रमाण काही टक्क्यांपर्यंत जाते. म्हणूनच नियम कारखानी ट्रान्सवर नेम धरतात. शुद्ध म्हणजे निर्दोष आणि कृत्रिम म्हणजे विषारी, या जुन्या समीकरणाला इथेही आधार सापडत नाही.

1950 च्या भांडणाचा निकाल आता लावायचा तर तो एकतर्फी लागत नाही. वनस्पतीच्या विरोधकांचा संशय रास्त ठरला, पण त्यांची कारणे वेगळीच होती. गाय, घाणी आणि भेसळ यांच्या पलीकडे त्यांनी पाहिले नाही. तज्ज्ञांचे प्रयोग प्रामाणिक होते, पण वितळते कधी आणि पचते का, एवढेच त्यांनी विचारले. ज्या शास्त्राने 1819 मध्ये हे रूप पाहिले, 1893 मध्ये जागेचे महत्त्व सांगितले आणि 1934 मध्ये निकेलवर साखळी कशी फिरते तेही मांडले, ते त्यांच्या कपाटातच होते. खाद्यपदार्थाच्या वेष्टणावर आज ट्रान्स फॅटचा आकडा छापावा लागतो. अमळनेरची कंपनी नोंदली गेल्यापासून साठ-सत्तर वर्षे लोटल्यावर आपल्या कायद्याने रेणूची घडण मोजायला घेतली. पुढचा एखादा पदार्थ शुद्ध आहे का असे कोणी विचारले, तर तो कशाचा आहे याबरोबर तो कसा जोडलेला आहे हेही विचारणे आता परवडणारे आहे, आणि न विचारणे किती महाग पडते ते खानदेशच्या तुपाने दाखवले आहे.